चिपळूण ते कराड, मार्गे पाटण

चिपळूणला रेल्वे आहे आणि कराडलाही आहे. चिपळूणचं स्थानक कोकण रेल्वेवर, शहराबाहेर वालोप्याला. कराडचं पुणे–मिरज मार्गावर, ओगलेवाडीला. रस्त्याने दोन्ही गावांत शंभरेक किलोमीटरचं अंतर. पण चिपळूणहून कराडला रेल्वेनेच जायचा हट्ट धरला तर आधी उत्तरेला पनवेल गाठायचं, तिथून घाट चढून पुणे आणि मग पुन्हा दक्षिणेला कराड. मधे सह्याद्री उभा आहे. तो भेदून लोहमार्ग टाकण्याची चर्चा इतकी जुनी झाली आहे की तिच्या बातमीवर आता कुणी मान वर करत नाही. तोवर ही दोन गावं एकमेकांना बांधली आहेत ती कुंभार्ली घाटाच्या रस्त्याने आणि त्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्या-येणाऱ्या लाल गाडीने.

गुहागरहून निघून चिपळूण, पाटण, कराड, विटा, जत असा विजापूरपर्यंत जाणारा हा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग 166 ई म्हणून ओळखला जातो. त्यावरून पंढरपूर, तुळजापूर, मिरज, सोलापूर अशा लांबच्या गाड्याही जातात. या लेखाचा विषय त्या नाहीत. विषय आहे दर थांब्याला थांबणारी साधी गाडी. तिच्या पाटीवर दोन गावांची नावं असतात. आत बसलेल्यांपैकी बहुतेकांना त्या दोन गावांच्या दरम्यान कुठेतरी चढायचं आणि कुठेतरी उतरायचं असतं. गाडी चिपळूण–कराड आहे, प्रवासी क्वचितच चिपळूण–कराड असतात. या मार्गाचं सगळं मर्म आणि सगळी अडचणही इथेच आहे.

फलाटावर

सकाळच्या चिपळूण स्थानकात कोकणातली आणि घाटावरची माणसं न बोलताही ओळखू येतात. कोकणातला माणूस फलाटावर उभा असतो, गाडी लागली की तिच्याकडे चालू लागतो. घाटावरचा गाडी आत शिरताच तिच्याबरोबर धावतो आणि खिडकीतून पिशवी, टॉवेल, टोपी, हाताला येईल ते सीटवर टाकतो. रुमालाने धरलेल्या जागेला कायद्यात स्थान नाही, गाडीत आहे. “इथं माणूस हाय,” असं कुणी म्हणालं की विषय संपतो, मग तो माणूस अजून उसाचा रस पीत का असेना.

चिपळूण आगार रत्नागिरी विभागात, म्हणजे एसटीच्या मुंबई प्रदेशात मोडतं. पाटण आणि कराड ही आगारं सातारा विभागातली, पुणे प्रदेशातली. गाडी घाट चढते तेव्हा ती एका प्रदेशाच्या कारभारातून दुसऱ्याच्या कारभारात जाते. प्रवाशाला त्याचं सोयरसुतक नसतं. त्याला जाणवतं ते एवढंच की गणपतीत कोकणाकडे जादा गाड्या वळल्या की घाटावरच्या फेऱ्या विरळ होतात आणि आषाढीला पंढरपूरकडे गाड्या गेल्या की कोकणातल्या.

वाहक चढतो, गळ्यात चामड्याची बॅग, हातात मशीन. पूर्वीचा तो पत्र्याचा ट्रे, त्यातले रंगीबेरंगी तिकिटांचे गठ्ठे आणि टकटक वाजणारा पंच आता चाळिशीच्या पुढच्यांच्या आठवणीत उरले. मशीनमधून निघणारी पातळ चिठ्ठी चार दिवसांत कोरी होते. पण सुट्ट्या पैशांचा प्रश्न तसाच आहे, आणि त्याचं उत्तरही: राहिलेले पैसे तिकिटामागे पेनने लिहून द्यायचे. हल्ली मशीनवर क्यूआर दिसतो. मात्र घाटात मोबाइलला रेंज नसते, तेव्हा शंभराची नोट आणि तिकिटामागचा आकडाच खरा.

भाडं टप्प्यांवर चालतं. एक टप्पा सहा किलोमीटरचा. त्यामुळे वाहकाच्या डोक्यात रस्ता गावांचा नसतो, टप्प्यांचा असतो. एखादी बाई दोन थांब्यांच्या मधल्या वाडीवर उतरायचं म्हणते, तेव्हा तो मशीनमध्ये पुढच्या टप्प्याचं गाव दाबतो आणि वाद सुरू होतो. “अलीकडं उतरते तर पुढचं का घ्यायचं?” या प्रश्नाला गेल्या पंच्याहत्तर वर्षांत समाधानकारक उत्तर कुणी दिलेलं नाही.

घाटाखाली

बहादूरशेख नाक्यावर मुंबई–गोवा महामार्ग ओलांडला की खेर्डी. औद्योगिक वसाहतीचे कामगार इथे उतरतात, गाडी निम्मी होते आणि लगेच पुन्हा भरते. पुढे रस्ता वाशिष्ठीच्या खोऱ्यातून पूर्वेला सरकतो. दसऱ्याच्या सुमारास दोन्ही बाजूंना भात पिवळं पडलेलं असतं. बांधावर पेंढ्यांचे भारे, अंगणात मळणीची तयारी. शिरगावला शाळेची मुलं उतरतात. इथून पुढे गाडीतला आवाज कमी होतो आणि इंजिनाचा वाढतो.

वाशिष्ठीत वाहणारं सगळं पाणी तिचं स्वतःचं नाही. घाटमाथ्यावरच्या कोयना जलाशयातलं पाणी डोंगराच्या पोटातून, बोगद्यांनी, सुमारे पावणेपाचशे मीटर खाली पोफळीच्या भूमिगत वीजगृहात पडतं. तिथे वीज तयार होते आणि पाणी कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीला मिळतं. कोयनेच्या सगळ्या टप्प्यांची मिळून क्षमता 1960 मेगावॉट. कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडे वळवण्यासाठी वर्षाला 67.5 टीएमसी पाणी ठरवून दिलं. धरणाची क्षमता 105.25 टीएमसी. म्हणजे पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे जाणाऱ्या नदीच्या साठ्यातला मोठा वाटा पश्चिमेला अरबी समुद्रात जातो. पाणी घाट उतरतं, गाडी घाट चढते. पोफळीच्या थांब्यावर वीज प्रकल्पातले कर्मचारी चढतात-उतरतात. हातात डबा, खिशाला ओळखपत्र. पाळी संपवून वर कोयनानगरला परतणारेही त्यांच्यात असतात.

पोफळी सोडली की घाट. चालक गाडी दुसऱ्या गियरला टाकतो. चढाला जोर लागतो, पण कस लागतो उतरताना. घाट उतरणारी गाडी गियरमध्येच ठेवायची, न्यूट्रल कधी करायची नाही, ब्रेक दाबून धरायचा नाही, हवेच्या काट्यावर एक डोळा ठेवायचा, हे चालकाच्या अंगवळणी पडलेलं असतं. अरुंद वळणावर चढणाऱ्याला वाट द्यायची हा नियम पुस्तकातही आहे आणि घाटातही पाळला जातो. समोरून मालाने भरलेला ट्रक आला तर दोन्ही चालक खिडकीतून हात बाहेर काढतात, बोटांच्या खुणांनी काही ठरतं आणि दोन्ही वाहनं एकमेकांना वीतभर अंतरावरून ओलांडतात. वाहक मागच्या दारातून डोकं काढून “येऊ द्या, येऊ द्या” म्हणतो. दरीकडच्या खिडकीतले प्रवासी तेवढ्यापुरते गप्प होतात.

सोनपात्रा देवीच्या देवळाशी चालकाचा उजवा हात क्षणभर स्टिअरिंगवरून सुटतो आणि छातीला लागतो. मागच्या बाकावरची म्हातारी नाणं काढून खिडकीतून टाकते. ते देवीपर्यंत पोचतं की गटारात, याची चौकशी कुणी करत नाही.

पावसाळ्यात याच वळणांवर दरड येते. दगड बाजूला होईपर्यंत चिपळूणची गाडी खाली, कराडची वर. मग प्रवासी आपापली पिशवी घेऊन चिखलातून पलीकडे चालत जातात, दोन्ही गाड्यांचे वाहक आपसात बोलून माणसांची अदलाबदल करतात आणि दोन्ही गाड्या आल्या वाटेने परत फिरतात. अशी सोय कुठल्या परिपत्रकात लिहिलेली असेल असं वाटत नाही. पण तिच्यामुळे कित्येकांची तहसीलची तारीख किंवा दवाखान्याचा नंबर चुकलेला नाही.

हेळवाक आणि कोयना

खिंड ओलांडली की हवा बदलते, आणि भाषाही. “जरा सरक गो बाय” च्या जागी “सरका की वाईच” ऐकू येतं. हेळवाकला गाडी कोयनेच्या काठाशी येते. महाबळेश्वरहून दक्षिणेला धावत आलेली ही नदी इथे काटकोनात पूर्वेला वळते आणि पुढचा जवळजवळ सगळा रस्ता तिच्या सोबतीने आहे.

कोयनानगरच्या थांब्यावर चढणाऱ्यांच्या बोलण्यात दोन विषय हमखास असतात: पाऊस आणि हादरे. पावसाळ्यात वर्तमानपत्रांत रोज छापून येणारी कोयनानगर, नवजा, महाबळेश्वर ही तिन्ही नावं इथल्या माणसाला तोंडपाठ. “नवज्याला काल किती?” असा प्रश्न गाडीत विचारला जातो आणि कुणीतरी मिलिमीटरमध्ये उत्तर देतं. “कोयना सोडली का?” म्हणजे धरणाच्या सहा वक्र दरवाजांतून विसर्ग सुरू झाला का. त्या उत्तरावर खालच्या गावांतल्या मळ्यांतले पंप काढायचे की नाही, हे ठरतं.

हादऱ्यांचं तसंच. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे इथे साडेसहा रिश्टरच्या आसपासचा भूकंप झाला, कोयनानगरची घरं पडली, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. तेव्हापासून या खोऱ्यात जमीन लहानसहान हलतच आली आहे. शास्त्रज्ञांना हा भाग इतका महत्त्वाचा वाटला की कराडला त्यासाठी संशोधन केंद्र उभं राहिलं आणि गोठणे इथे तीन किलोमीटर खोल विंधनछिद्र घेतलं गेलं. गाडीतल्या साठीच्या माणसाला त्याचं अप्रूप नाही. “तवा आमी ल्हान होतो, आईनं उचलून बाहीर आणलं,” एवढंच तो सांगतो, आणि पुढच्या थांब्याची घंटी वाजवायला वाहकाला सांगतो.

धरणाने वीज दिली तशी गावंही उठवली. कोयनेच्या खोऱ्यातले धरणग्रस्त ठाणे, रायगड, सांगली, सोलापूर अशा जिल्ह्यांत नेऊन वसवले गेले. धरणाच्या वरचं जंगल 1985 साली अभयारण्य झालं, 2010 साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेलं. त्यामुळे जलाशयाच्या काठची उरलीसुरली वस्तीही विरळ होत गेली. जत्रेला, देवकार्याला मात्र उठलेली माणसं येतात. त्यांना या मार्गावर कुठे उतरायचं ते नीट सांगता येत नाही, कारण त्यांच्या गावाचं नाव मशीनमध्ये नाही. ती म्हणतात, “हेळवाकचं द्या, पुढचं आमचं आमी बघतो.”

पाटणची बाजू

हेळवाक ते पाटण हा रस्ता पावसाच्या हिशोबाने पाहण्याजोगा आहे. कोयनानगरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, कराडला सातशेच्या आसपास. मधलं अंतर पन्नास-साठ किलोमीटर. एवढ्या अवधीत खिडकीबाहेर भात, नाचणी, मग भुईमूग-सोयाबीन आणि शेवटी ऊस. गाडीत चढणाऱ्या सामानातही हा फरक उतरतो. खालून आलेल्यांकडे आमसुलं, सुकट, बोंबील, हंगामात फणस. वरून खाली जाणाऱ्यांकडे गुळाची ढेप, भाज्यांचे बोचके, घेवड्याचं पोतं. सुक्या मासळीची पाटी गाडीत चढली की तिच्या मालकिणीला वाहक सर्वात मागे बसवतो, पुढे बसलेले माळकरी खिडकी उघडतात आणि ती पाटणला उतरल्यावर तेच विचारतात, “मावशी, सोडे कसे दिले?”

पाटण हा या मार्गाचा मध्य. इथे गाडी दहा मिनिटं थांबते, वाहक नियंत्रकाच्या खिडकीत वेळेची नोंद करून येतो, चालक चहा पितो आणि गाडी आपले प्रवासी बदलून घेते. तालुक्याचं गाव म्हणजे तहसील, कोर्ट, बँक, कॉलेज आणि बाजार. या तालुक्याच्या डोंगरदऱ्यांतल्या वाड्यांना पाटणशी जोडणाऱ्या छोट्या गाड्याही याच फलाटावर लागतात. त्यांतली संध्याकाळची गाडी वाडीवर जाते आणि रात्रभर तिथेच राहते. ती मुक्कामी गाडी. चालक-वाहक देवळात, शाळेच्या व्हरांड्यात किंवा गाडीतच झोपतात, गावातल्या कुणाच्या तरी घरून भाकरी येते आणि पहाटे पहिली फेरी दूध, डबे, शाळेची मुलं घेऊन खाली उतरते. कराडला किंवा पाटणला शिकायला राहिलेल्या मुलाचा जेवणाचा डबा त्या गाडीतून जातो आणि रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीने परत येतो. डब्यावर नाव असतं, पत्ता नसतो. वाहकाला मुलगा ठाऊक असतो.

ही मुक्कामी गाडी वेळेवर आली तरच तिच्यातल्या माणसाला चिपळूण–कराड गाडी मिळते. तिला उशीर झाला तर पाटणच्या फलाटावर कुणीतरी मोठ्या गाडीच्या दारात पाय ठेवून उभं राहतं, “दोन मिनिटं थांबा, मागनं गाडी येतीया,” म्हणतं आणि वाहक घंटी देत नाही. वेळापत्रकाच्या दृष्टीने हा उशीर. त्या डोंगरातल्या माणसाच्या दृष्टीने हीच जोडणी.

एका सीटची चार तिकिटं

एसटी महामंडळाचा हिशोब भारमानावर चालतो. गाडीतल्या आसनांपैकी सरासरी किती भरली त्याची टक्केवारी म्हणजे भारमान. ती कमी आली की फेरी तोट्यात, आणि तोट्यातली फेरी बंद होण्याच्या यादीत. हिशोब म्हणून यात चूक काढता येत नाही. महामंडळाला डिझेल, पगार, टायर, टोल यांची बिलं भरायची असतात.

पण या मार्गावर मधल्या एखाद्या सीटकडे नीट लक्ष ठेवलं तर वेगळंच दिसतं. चिपळूणला तिच्यावर खेर्डीतल्या कारखान्याचा कामगार बसला आणि दहा मिनिटांत उतरला. मग शिरगावपर्यंत शाळेची मुलगी, तिच्याकडे पास. पोफळीहून वर जाणारा वीज कर्मचारी कोयनेला उतरला. हेळवाकची बाई तहसीलला पाटणपर्यंत आली, बरोबर नातवाला मांडीवर घेऊन. पाटणहून कराडपर्यंत तीच सीट एका म्हाताऱ्याने घेतली, हातात एक्स-रेचं मोठं पाकीट. एका फेरीत एका आसनाने पाच माणसांना नेलं. घाटात ती सीट काही किलोमीटर रिकामीही राहिली. सरासरी काढली तर आकडा मध्यम येतो. पण त्या सरासरीत ही पाच माणसं दिसत नाहीत, त्यांची पाच कामंही दिसत नाहीत.

आता याच रस्त्यावर चिपळूण ते कराड विनाथांबा गाडी सोडली आणि ती पूर्ण भरली, तर तिचं भारमान उत्तम येईल. तिने पन्नास माणसं नेली. साध्या गाडीने कदाचित दुप्पट माणसं नेली, तुकड्यातुकड्याने, कमी भाड्यात. कोणती गाडी जास्त उपयोगी, हे भारमानाच्या रकान्यातून कळत नाही.

खाजगी वडाप चालवणाऱ्यांना हा हिशोब फार आधी कळला आहे. जीपवाला पाटण–कराड करतो, कारण तिथे माणूस सतत मिळतो. तो कुंभार्ली घाटात एकट्या माणसासाठी जात नाही आणि संध्याकाळी सातनंतर डोंगरातल्या वाडीवरही जात नाही. फायद्याचे टप्पे जीपला आणि उरलेले टप्पे लाल गाडीला, अशी वाटणी आपोआप झाली आहे. नंतर तोट्याचा ठपका मात्र गाडीवर येतो.

गाडी नव्हती तेव्हा

2021 हे वर्ष या मार्गावर कुणी विसरणार नाही. 22 जुलैला वाशिष्ठीचा पूर चिपळूण शहरात शिरला. बसस्थानक आणि आगार पाण्याखाली गेलं. आगारातल्या अधिकाऱ्याने आणि कर्मचाऱ्यांनी त्या दिवसाची नऊ लाखांच्या आसपासची रोकड वाचवण्यासाठी ती घेऊन गाडीच्या टपावर चढून कित्येक तास काढले, ही बातमी तेव्हा राज्यभर वाचली गेली. त्याच दोन दिवसांत घाटाच्या वरच्या बाजूला, पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे इथे दरडी कोसळून माणसं गाडली गेली. घाटाच्या दोन्ही बाजूंचं दुःख एकाच पावसाने आणलेलं होतं.

त्यानंतर दिवाळीच्या सुमारास राज्यभर एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. महामंडळाचं राज्य सरकारमध्ये विलीनीकरण व्हावं ही मागणी होती. संप 2022 च्या एप्रिलपर्यंत रेंगाळला. त्या काळात कोणाचं काय अडलं, हे पाहिलं की साध्या गाडीचं काम नेमकं काय ते समजतं. चिपळूणहून पुण्याला जाणाऱ्याला खाजगी बस मिळाली, थोडी महाग. कराडहून मुंबईला जाणाऱ्याला रेल्वे होती. पाटणच्या बाजारपेठेतला माणूस जीपने कराडला गेला. अडला तो फाट्यावरचा. त्याच्यासाठी त्या दिवसांत पायी चालण्याखेरीज किंवा कुणाच्या मोटारसायकलवर मागे बसण्याखेरीज मार्ग नव्हता. कॉलेजात जाणाऱ्या मुलींचा त्यात सर्वात जास्त तोटा झाला. मुलाला ओळखीच्या-अनोळखी कुणाच्याही गाडीवर पाठवणारं घर मुलीला तसं पाठवत नाही.

अर्धं तिकीट

17 मार्च 2023 पासून महिलांना एसटीच्या भाड्यात पन्नास टक्के सवलत मिळाली. त्याआधी, 2022 च्या ऑगस्टपासून, पंचाहत्तरीपुढच्यांचा प्रवास मोफत झाला होता. ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलींना पास फुकट, इतर विद्यार्थ्यांना मोठी सवलत हे आधीपासूनच होतं. या सवलतींनी गाडीतली माणसं बदलली. पूर्वी पाटण–कराड गाडीत दुपारी पुरुष जास्त असायचे. आता दुपारची गाडी बायकांची असते.

वाहकाच्या पाठीमागच्या बाकावर बसलेल्या दोघी जावा कोयनेहून कराडला निघालेल्या. एकीला डोळे दाखवायचे, दुसरी सोबत. “आदी एकटीच जायाची. आता हाप तिकीट हाय, तर चल म्हनलं.” सोबतीला पैसे पडत नाहीत, किंवा कमी पडतात, म्हणून सोबत मिळते, हा सवलतीचा परिणाम कुठल्या जाहिरातीत नव्हता. म्हाताऱ्यांचंही तेच. फुकट प्रवास मिळाल्यापासून पंचाहत्तरीचे आजोबा लेकीकडे वारंवार जातात. आधार कार्ड प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवलेलं असतं. वाहक ते न बघताच मशीनवर बटण दाबतो, कारण मागल्या आठवड्यात पाहिलेलं असतं.

तोट्याचा मुद्दा यावर कायम निघतो. सवलतीची भरपाई सरकारने महामंडळाला द्यायची असते आणि ती वेळेवर मिळावी यासाठी महामंडळाला सरकारकडे पाठपुरावा करावा लागतो. 25 जानेवारी 2025 पासून भाडंही 14.95 टक्क्यांनी वाढलं. भाडेवाढीनंतर वाहकाला काही दिवस रोज शिव्या खाव्या लागल्या. नंतर लोक नव्या आकड्याला सरावले. अर्धं तिकीट असल्याने बायकांना वाढही अर्धीच लागली.

कराडला

पाटण सोडल्यावर रस्ता सपाट आणि सरळ होतो. डाव्या-उजव्या डोंगरांवर पवनचक्क्या फिरत असतात. नवारस्ता, मल्हारपेठ, विहे, सुपने अशी गावं पटापट येतात, आणि प्रत्येक ठिकाणी गाडी इतकी भरते की वाहकाला मागून पुढे येताना माणसांच्या खांद्यांवरून हात टाकत यावं लागतं. दिवाळीनंतर गळीत हंगाम सुरू झाला की रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांच्या रांगा लागतात आणि हा सपाट रस्ता घाटापेक्षा जास्त वेळ घेतो. चालक घाटात एकदाही चिडत नाही. इथे दोन ट्रॉल्या जोडून मधोमध चाललेल्या ट्रॅक्टरमागे त्याचा पारा चढतो.

कराडला कोयना आणि कृष्णा समोरासमोर येऊन भिडतात आणि एक होऊन पूर्वेला वळतात. या प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. 1948 साली 1 जूनला पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली, तेव्हा ती मुंबई राज्याची होती. महाराष्ट्र स्थापन झाल्यावर तिचं आजचं महामंडळ झालं, त्या वेळचे मुख्यमंत्री हे कराडचे यशवंतरावच. ‘गाव तिथे एसटी’ हे ब्रीद त्या पिढीला घोषणा वाटत नव्हतं, ते कामाचं वर्णन होतं.

कराड स्थानकात उतरणाऱ्यांचे रस्ते फुटतात. विद्यार्थ्यांचा घोळका विद्यानगरकडे वळतो. तिथे 1960 पासूनचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि आसपास आणखी बरीच कॉलेजं. एक्स-रेचं पाकीट घेतलेले आजोबा मलकापूरच्या कृष्णा रुग्णालयाची रिक्षा शोधतात. दवाखान्याची ही वर्दळ एकाच दिशेची नाही. घाटावरचे अनेक जण सावर्ड्याजवळच्या डेरवणला, वालावलकर रुग्णालयात जातात आणि तेही याच गाडीने घाट उतरतात. कोणता डॉक्टर बरा, हे गाडीतच ठरतं. दोन अनोळखी माणसं गुडघ्याच्या ऑपरेशनवर अर्धा तास बोलतात आणि उतरताना एकमेकांचं नावही विचारत नाहीत.

चिपळूण–कराड रेल्वे उद्या खरोखर झाली तर तिचं स्वागतच होईल. बंदराकडचा माल घाटावर येईल, पंढरपूरची वारी सोपी होईल, सह्याद्रीतून जाणाऱ्या बोगद्यांचे फोटो दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठावर येतील. पण रेल्वे चिपळूणला कराडशी जोडेल. शिरगावची मुलगी, हेळवाकची बाई, विह्याचा म्हातारा यांना जिथे जायचं असतं तिथे स्थानक होणार नाही, झालं तरी त्यांच्या वेळेला गाडी नसेल. त्यांना तेव्हाही दर सहा किलोमीटरचा टप्पा मोजणारी, पाटणला मुक्कामी गाडीची वाट बघणारी, दरड पडली तर माणसं बदलून घेणारी हीच गाडी लागेल.

म्हणून फेरी ठेवायची की काढायची हे ठरवणाऱ्या कागदावर भारमानाच्या आकड्याशेजारी आणखी एक रकाना असायला हवा: ही फेरी बंद झाली तर कोणत्या थांब्यावरच्या माणसाला दुसरं काहीच उरत नाही? त्या रकान्यात एका गावाचं जरी नाव आलं, तरी फेरी बंद करून तोटा संपत नाही. तो महामंडळाच्या वहीतून निघून त्या गावाच्या खात्यात जमा होतो, आणि गावाला त्याची भरपाई द्यायला कुणी बांधील नसतं.